गोधडीची वरात

आत्ये,

तुझं तेरावं काल उरकलं. सतरंज्या झटकून ठेवल्या, मोठी पातेली ज्याची त्याला परत गेली, उरलेली खीर शेजारी वाटली. घर रिकामं झालं. तुझ्या फोटोवरचा हार अजून ताजा आहे आणि मला तुझी किळस अजून येते आहे. हे आधीच सांगून मोकळी होते, कारण इतके दिवस जो तो येऊन तुझं कौतुक करत होता आणि मी मान हलवत चहा पुढे करत होते. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात. तुझ्या नावानं तर लोकांनी डेअरीच काढली.

कौतुक कसलं, तर कोरडेपणाचं. "आक्कानं अख्ख्या आळीतली पोरं कोरडी केली," हे वाक्य मी इतक्या तोंडांतून ऐकलं की शेवटी मोजणं सोडलं. एका बाईनं तर तुझ्या फोटोसमोर हात जोडून आपल्या पंचविशीतल्या मुलाला पुढे ढकललं नि म्हणाली, "नमस्कार कर, आक्का नसती तर आजून मुतत बसला असतास." तो बिचारा लाल झाला. सगळे हसले. तू असतीस तर तूही हसली असतीस, तोंडाला पदर लावून.

तुला ओल सहन व्हायचीच नाही. आपल्या दिवेआगरात समुद्र इतका उशाशी की बरणीतलं मीठ पाणी सोडतं, आणि चादर कितीही वाळवा, अंगाला दमट लागते. पण आपण पाहुण्यांना भाड्यानं देतो त्या खोल्यांतल्या चादरी कुरकुरीत. ऊन उतरायच्या आत दोरीवरून काढायच्या, चुलीवरच्या माळ्यावर ठेवायच्या, हा तुझा नेम. पाहुणे गेले की प्रत्येक चादर तू नाकाशी धरायचीस. कुणी ओली चड्डी गादीवर टाकली होती, कुणी बियर सांडली होती, सगळं तुझं नाक सांगायचं. त्या नाकाचा मला अभिमान होता. खोल्यांचं नाव झालं ते तुझ्या त्या नाकामुळेच, हे मी आजही कुणालाही सांगेन.

पण पोरांचं जे तू करायचीस त्याला आळीत "गोधडीची वरात" म्हणायचे. नाव कुणी ठेवलं माहीत नाही, रीत मात्र तुझी. रात्री ज्या पोरानं गोधडी ओली केली त्यानं सकाळी ती आपल्याच डोक्यावर घ्यायची. मागीलदारातून निघायचं, पोफळींमधल्या वाटेनं शेजाऱ्यांची परसं ओलांडत विहिरीपर्यंत जायचं. मागे बाकीची पोरं ताट आणि डाव वाजवत. विहिरीवर पोचलं की गोधडी खाली ठेवायची नि मोठ्यानं म्हणायचं, "उद्या न्हाय!" आणि सगळ्यांनी ओरडायचं, "बघू!" आया स्वतःहून पोरं तुझ्याकडे आणून सोडायच्या. एका आठवड्यात सुधारतो म्हणायच्या.

आई गेली आणि बाबांनी मला तुझ्याकडे आणून ठेवलं तेव्हा मी तीन वर्षांची होते. आईचा चेहरा मला आठवत नाही, पण तुझी पहिली वरात आठवते. ओली गोधडी किती जड असते हे ज्यानं डोक्यावर घेतली नाही त्याला कळायचं नाही. मानेत कळ येते. आणि ती गळते. माझं स्वतःचं मूत माझ्या कपाळावरून ओघळून डोळ्यांत गेलं होतं, डोळे चुरचुरत होते, दोन्ही हात वर अडकलेले, पुसणार कसे? दुसरीत जाईपर्यंत अधूनमधून माझी वरात निघत राहिली. तुझा आठवड्याचा हिशोब माझ्या बाबतीत साफ चुकला, हे तू कधी कुणाला सांगितलं नाहीस.

आणि वरातीनंतर तू काय करायचीस तेही सांगते, नाहीतर लोक म्हणतील एकच बाजू सांगितली. विहिरीवरून परत आणून तू मला कढत पाण्यानं न्हाऊ घालायचीस. केस पुसून खोबरेल लावायचीस. मऊ भातावर तूप वाढायचीस, इतरांपेक्षा एक चमचा जास्त. आणि रात्री माझी गोधडी सुकली नसेल तर तुझी स्वतःची मला द्यायचीस आणि स्वतः चटईवर निजायचीस, पौषातसुद्धा. हे सगळं तूच करायचीस आणि तेही तूच करायचीस. तुझ्यावर धड रागावता यायचं नाही ते याच्यामुळे. माझ्या लग्नात मी सासरी जाताना जितकी रडले तितकी कुणीच मुलगी आईसाठी रडली नसेल. आणि ओवीच्या बाबाला उरणला ट्रेलरवर काम मिळालं, तो पंधरवड्यानं घरी येणार असं ठरलं, तेव्हा पोटातल्या ओवीला घेऊन मी तुझ्याकडेच आले.

ओवीला दिवसाची सवय तूच लावलीस. मी नुसती बघत होते. मागल्या दारी केळीच्या बुंध्याशी तिला बसवून तू "शूऽऽ" करायचीस आणि समोर बसून तिला केळफुलाची गोष्ट सांगायचीस. झालं की टाळ्या. चड्डीत झालं तर नुसतं, "हात्तिच्या!" ना ओरडणं, ना लाज. मी मनात म्हटलं, म्हातारी बदलली. पाऊस सरता सरता ओवी स्वतःहून "आजी, केळ" म्हणत धावायला लागली. तुझे पाय धरावेसे वाटले होते मला त्या दिवसांत.

मग रात्रीचं आलं आणि तू परत तीच झालीस.

दिवसा कोरडी राहणारी पोर रात्री ओली करते म्हणजे मुद्दाम करते, असं तुझं म्हणणं. मी तिला म्हसळ्याच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, दिवसाचं शिकवता येतं, रात्रीचं शिकवता येत नाही. झोपेतल्या झोपेत ते शरीराचं शरीराला उमगावं लागतं. कुणाला तिसऱ्या वर्षी उमगतं, कुणाला सहाव्या. झोपताना एकदा बसवा, गादीवर मेणकापड घाला, ओरडू नका, आणि पाणी तोडू नका. मी घरी येऊन तुला जसंच्या तसं सांगितलं. तू तांदूळ निवडत होतीस. मान वर न करता विचारलंस, "डॉक्टरीनबायला पोरं किती?"

"एक आहे म्हणे."

"मग तिला काय कळतंय! लाज वाटल्याबिगर मूत थांबत न्हाय गो. तुझं कसं थांबलं?"

"माझं आपोआप थांबलं, आत्ये. तुझ्या वरातीनं थांबायचं असतं तर दुसरीपर्यंत चाललं नसतं."

तू सूप आपटलंस आणि उठून गेलीस. तो वाद आपला कधी संपलाच नाही. तू जिवंत असतीस तर आज सकाळी चहाबरोबर परत सुरू झाला असता.

मग एक दिवस मी मासळी आणायला गेले होते आणि परत येते तो मागल्या दारी ताट वाजताना ऐकू आलं. ओवीच्या डोक्यावर गोधडी. पुढे ओवी, मागे शेजारची पोरं, आणि वरच्या खोलीच्या सज्जात पुण्याचे पाहुणे मोबाईल धरून उभे. त्यांच्यातली बाई खाली वाकून विचारते, "आजी, ही इथली परंपरा आहे का हो? किती गोड!" आणि तू, दोन्ही हात कमरेवर ठेवून, छाती काढून म्हणालीस, "व्हय, आमची जुनी पद्धत हाय." ओवी रडत होती आणि ती बाई म्हणत होती, बाळा, इकडे बघ.

पापलेटची पिशवी तिथंच टाकून मी ओवीच्या डोक्यावरची गोधडी ओढली. पाहुण्यांना जे बोलले ते बोलले. ते दुपारीच खोली सोडून गेले आणि तू माझ्याशी बोलणं सोडलंस. परंपरा म्हणे! मुतानं भिजलेलं पोर बघून ज्यांना गोड वाटतं त्यांना आपण सोलकढी वाढतो, याचीच मला त्या दिवशी शिसारी आली. तुझ्या मते मी धंदा बुडवला होता.

आपण बोलत नव्हतो त्याच दिवसांत तू विहिरीच्या पायरीवरून घसरलीस. खुब्याचं हाड मोडलं. तिथून पुढे तू माजघरातच. उठून बसवलं तर बसायचीस, धरलं तर चार पावलं टाकायचीस, आणि अबोलाही आपोआपच गळून पडला, कारण पाणी मागायला तरी तोंड उघडावं लागायचं. पहिल्याच आठवड्यात तू म्हणालीस, "पोरीला माझ्याजवळ निजव. मला सोबत हुईल." मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! वाटलं, आजीनं नातीची समजूत काढली. मला पहाटे उठून पाहुण्यांच्या नाश्त्याला लागावं लागायचं, तेवढीच सोय झाली.

आणि रोज सकाळी गोधडी ओली. तू भिंतीकडे तोंड करून म्हणायचीस, "आज बी केलान बग तुज्या लेकीनं." एका गोधडीत निजल्यामुळे ओवीचा फ्रॉकही भिजलेला असायचा. शेजारणी तुला भेटायला यायच्या, नाक मुरडायच्या, ओवीकडे बघून "अगो बाय, शाळंत कशी जायाची तू?" म्हणायच्या. मी मेणकापड पुसत होते, गोधड्या धूत होते, आणि डॉक्टरीणबाईंचे शब्द स्वतःलाच ऐकवत होते: उमगेल, उमगेल.

तुला ती सकाळ आठवत असेलच. मला लवकर जाग आली होती, ओवी गाढ झोपली होती, मी तिला उचलायला हात घातला तर चड्डी कोरडी. फ्रॉक कोरडा. पाठ कोरडी. तिच्या बाजूची गोधडीसुद्धा कोरडी आणि तुझा गाऊन कमरेपासून गुडघ्यापर्यंत भिजलेला. तू जागी होतीस. डोळे उघडे होते तुझे.

मुताची किळस मला कधीच आली नाही, आत्ये. तुझा गाऊन बदलला, तुला पुसलं, पावडर लावली, त्यात कणभर किळस नव्हती. तू माझं केलंस, मी तुझं केलं. किळस आली ती वेगळ्या गोष्टीची. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथं संन्यासी साडेतीन वर्षांची होती आणि तुझ्या कुशीत निजत होती.

तू माझं मनगट धरलंस. इतकी ताकद तुझ्यात उरली असेल असं वाटलं नव्हतं. "कुनाला बोलू नको गो. माझी शपथ हाय तुला."

मी शब्द दिला. गावातल्या मेडिकलमध्ये न जाता श्रीवर्धनला जाऊन मोठ्या माणसांचे डायपर आणले, ते काळ्या पिशवीत घालून, पेंढ्याखाली लपवून. जी बाई ओवीच्या डायपरला "आळशी आयांची थेरं" म्हणायची तिच्यासाठी. मी हसले नाही. फक्त एकच मागितलं तुझ्याकडे: "ओवीला सांग. बाकी कुणाला नको. तिला एवढंच सांग की गोधडी तिनं ओली केली नव्हती."

"सांगीन," म्हणालीस.

मी तिला सांगून बघितलं होतं. तिनं नाही म्हणून मान हलवली. "आजी बोलली मीच करते." झालं. माझ्यापेक्षा तुझा शब्द मोठा, तो मीच मोठा करून ठेवला होता.

डायपर लागले आणि गोधड्या कोरड्या राहायला लागल्या. मग काय झालं? शेजारीण येऊन म्हणाली, "आक्का, धन्य हाय तुमची! पडल्या पडल्या पोर कोरडी केलात!" आणि तू हसलीस. लाजल्यासारखी, कौतुक गिळल्यासारखी. त्या हसण्यापुढे मला पापलेटची कुजलेली आतडी बरी वाटली असती.

ओवीनं आपला वेगळाच हिशोब केला होता. त्याच सुमारास तिनं पाणी सोडलं होतं. सकाळी दोन घोट, मग नाही. भात कोरडाच खायची, आमटीला हात लावायची नाही. गोधडी कोरडी राहिली ती पाणी न प्याल्यामुळे, असं त्या एवढ्याशा डोक्यानं ठरवलं. शू करताना आग व्हायला लागली, रडायला लागली, ताप आला. डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, कसंही करा पण हिला पाणी प्यायला लावा, नाहीतर हे दुखणं वर किडनीपर्यंत जाईल. मी गोळ्या घेऊन घरी आले ती थेट तुझ्या खाटेशी. त्या दिवशी मी हात जोडले तुला. पोरीच्या जिवावर बेतलंय, आत्ये, एक वाक्य बोल. "सांगीन गो, सांगीन," म्हणालीस, आणि डोळ्यांवर हात घेतलास.

शेवटच्या दिवशी तुझ्या तोंडात चमच्यानं पाणी घालत होतो. ओवीनं चमचा माझ्या हातातून घेतला. म्हणाली, "पी आजी. तुला कोण नाय ओरडणार." तुझ्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी आलं. मला वाटलं आता बोलशील. तुझे ओठ हललेही. काय म्हणालीस ते ऐकू आलं नाही. मी कान तुझ्या तोंडाशी नेला तर नुसता श्वास.

ओवीला जवळ निजवायला मागितलंस ते खरंच सोबतीसाठी, की आडोशाला पोर बरी म्हणून? हे मी तुला कधी विचारलं नाही. धीर झाला नाही म्हणून नव्हे. उत्तराची किळस आली असती म्हणून.

आता कालचं ऐक.

आदल्या संध्याकाळीच पनवेलहून बाळकाका आणि काकू आले होते, बाकीही मंडळी. माजघरात एका रांगेत सगळ्यांची अंथरुणं. भिंतीकडून ओवी, तिच्या शेजारी बाळकाका, मग काकू, मग चुलत भावंडं. मी स्वयंपाकघरात आडवी झाले होते. तुझा धाकटा भाऊ म्हणून बाळकाकांनी सगळ्यांना रात्रीच तुझ्या गोष्टी सांगून हसवलं होतं. "मलाबी फिरवलान हिनं! ही धा वर्साची, मी चार. डोक्यावर गोधडी नि मागं ही काठी घेऊन!"

सकाळी काकूंचा आवाज. "अगो बाय! हिनं केलान वाटतं!" मी धावत गेले तो ओवीच्या अंथरुणावर एक ओली गोधडी चुरगळून पडलेली, आणि ओवी तिच्याकडे बघत उभी. बाळकाका ओटीवरून आत आले, आंघोळ करून, कपाळाला गंध लावून. "आक्का गेली म्हनून काय रीत गेली?" म्हणाले. "आना ताट! आक्काला बी बरं वाटंल." भावंडं हसायला लागली. कुणीतरी मोबाईल काढला. ताट आलं, डाव आला, बाळकाकांनीच पहिला ठोका मारला.

आणि ओवीनं, कुणी सांगितलं नसताना, ती गोधडी उचलली आणि आपल्या डोक्यावर घेतली.

तोल जात होता तिचा. मोठ्या माणसाची गोधडी होती ती. मी ती तिच्या डोक्यावरून काढून खाली टाकली, तिला कडेवर घेतलं नि हात लावून बघितलं. कोरडी. फ्रॉकही कोरडा. तिचं स्वतःचं छोटं अंथरूण त्या ढिगाखाली होतं, तेही कोरडं.

मी सगळ्यांसमोर सांगितलं. ही कोरडी आहे, हात लावून बघा. ही गोधडी हिची नाही. आणि आत्या पडून होती तेव्हा रोज ओली व्हायची ती गोधडीही हिची नव्हती. ती आत्याची होती. आळीभर पोरं कोरडी करणारी तुमची आक्का शेवटी डायपर लावून झोपत होती, ते मी आणत होते, आणि नाव या पोरीचं होत होतं.

तुला दिलेला शब्द मोडला. मला त्याचं काही वाटत नाही.

ताट वाजायचं थांबलं. मोबाईल खिशात गेला. काकू म्हणाल्या, "काय गो बोलतेस! तेराव्याच्या दिशी, गेलेल्या मानसाचं?" मी म्हटलं, "मग जिवंत माणसाचं सांगा. रात्री ही गोधडी कुणाच्या अंगावर होती?" कुणाच्या अंगावर होती ते काकूंना ठाऊक असणारच. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, पदर खोचला आणि नारळ खवायला निघून गेल्या. आपलं ठेवायचं झाकून नि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही म्हण आपल्याच घराण्यानं काढली असावी. तुझा फोटो, हार, समईचा वास, खिरीचा वास आणि मधोमध ती गोधडी. मला भडभडून ओकारी आली. मागल्या दारी जाऊन ओकलेच.

जेवणं झाली. आग्रह करून खीर वाढली गेली, "आक्काला आवडायची" म्हणत लोक दोन दोन वाट्या प्यायले. दुपारी मंडळी पसरली तेव्हा मी विहिरीवर ती गोधडी धूत होते. कुणीतरी धुवायलाच हवी होती. पाठीमागे चपलांचा आवाज झाला. बाळकाका. पोफळीला हात लावून उभे राहिले.

"त्या वादलात लय पोफली गेल्या न्हाय गो तुमच्या?"

"गेल्या."

"ह्या नव्या लावलेल्या बऱ्या हायत." मग माझ्याकडे न बघता: "आक्काला ते आनायचीस... ते कुठं मिलतं?"

"श्रीवर्धनला. पनवेललाही मिळतं."

"तितं समदे वलखतात मला."

मी हात पुसले. घरात जाऊन तुझ्या डायपरचं उरलेलं पाकीट घेऊन आले, काळ्या पिशवीतलंच. त्यांनी हात पुढे केला. मी दिलं नाही.

"आधी ओवीला सांगा."

"काय सांगू?"

"गोधडी कुणाची ते."

"ल्हान पोर हाय. इसरून जाईल."

"मी नाही विसरले, काका. तुम्हीही नाही विसरलात."

सत्तरी गाठलेला माणूस, दोन ट्रकांचा मालक, आणि त्याचा खालचा ओठ लहान मुलासारखा थरथरत होता. मला त्यांची दया आली आणि किळसही गेली नाही, दोन्ही एकदम होतं. मी पिशवी काखेत धरून उभी राहिले.

शेवटी ते ओटीकडे निघाले. ओवी सुपारीच्या सालींची घरं करत बसली होती. बाळकाका तिच्यासमोर गुडघे मोडून बसले, बसताना कण्हले.

"बाय, सकालची ती गोधडी माझी व्हती. मी ओली केली. तुझी न्हवती."

ओवीनं त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग तिनं विचारलं, "मग माझी कुठली?"

बाळकाकांनी तिचा हात धरला, तिला माजघरात नेलं, घड्यांच्या ढिगातून तिची छोटी गोधडी काढली आणि तिच्यापुढे पसरली. "ही बग. लाव हात." ओवीनं हात लावला. मधे लावला, कडेला लावला, उलटी करून पुन्हा लावला. "कोरडी," म्हणाली. "व्हय," काका म्हणाले, "तुझी कोरडीच हाय." ती आत गेली, माठाजवळचा पेला तिनं स्वतःच बुडवला आणि गटागटा प्यायली, फ्रॉकवर सांडत. मी पाकीट काकांच्या हातात दिलं.

एवढंच एक वाक्य होतं, आत्ये. बाळकाका बोलले, आणि बोलून काही मेले नाहीत.